वरच्या फोल्डरमधली सूचना

"एकच ओळ बदलायची आहे," सासरे म्हणाले. "तिथे 'वेळेवर यावे' असं आहे ना, त्याचं 'पाच मिनिटं आधी यावे' असं कर. वेळेवर या म्हटलं की लोक दहा मिनिटं उशिरा येतात. पाच मिनिटं आधी म्हटलं तर निदान पाचच मिनिटं उशिरा येतील."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाबा," सूनबाई डबा भरता भरता म्हणाली. "ऑफिसला पोचले की करते."

सासऱ्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात करमेना, आणि ते घरात असल्यामुळे इतरांना करमेना, म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एक गाडी, गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या, आणि एक वही. कोण कधी येणार, कोणाचा कितवा दिवस, कोण क्लच सोडायला घाबरतं, सगळं त्या वहीत. सूनबाई वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रामर होती. सासऱ्यांच्या हातून ती वही सोडवायला तिला दीड वर्ष लागलं. अखेर साइट तयार झाली, लोक तिथे नाव नोंदवू लागले, दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची सूचना रोज दुपारी एक वाजता आपोआप त्यांच्या मोबाइलवर जाऊ लागली, आणि सासऱ्यांनी वही कपाटात ठेवली. फेकली मात्र नाही. "असू दे," एवढंच म्हणाले. या 'असू दे'ची सूनबाईला तेव्हापासून धास्ती होती. साइट एकदा जरी चुकली तरी वही कपाटातून बाहेर येणार आणि पुढची वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर तिचा विषय निघणार, हे ती ओळखून होती.

पण दोन मिनिटांचं काम असं ती म्हणाली ते उगाच नव्हे. सूचनांचा मजकूर तिने प्रोग्रामच्या आत लिहिलाच नव्हता. 'सूचना' नावाची एक साधी फाइल वेगळी ठेवली होती. प्रोग्रामने ती उघडायची, वाचायची आणि जे लिहिलंय ते पाठवायचं. शब्द बदलायचा झाला तर फाइलमध्ये बदलायचा, प्रोग्रामला हातही लावायचा नाही. या सोयीचा तिला अभिमान होता.

ऑफिसात पोचल्यावर तिने फाइल उघडली, ओळ बदलली, बंद केली. साइटवर 'उद्याची सूचना' असं एक पान होतं, तिथे जाणारा संदेश आधी वाचता यायचा. तिने ते पान उघडलं. तिथे 'वेळेवर यावे' असंच होतं.

शेजारच्या टेबलावर शंकासुर बसायचा. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं ही त्याची नोकरी होती, आणि ती तो घरीही करत असावा.

"सेव्ह केलंस का?" त्याने विचारलं.

"केलं."

"पान पुन्हा उघडून बघितलंस?"

"तीनदा."

"मग तू भलतीच फाइल बदलते आहेस."

"या नावाची एकच फाइल आहे."

"असं तुला वाटतं," शंकासुर म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

सूनबाईने फाइलमधली सगळीच वाक्यं काढून तिथे 'अबकड' लिहिलं. पानावर सूचना शांतपणे जशाच्या तशा उभ्या होत्या. मग तिने फाइल पूर्ण रिकामी केली. तरी पानावर बूट, चष्मा, लायसन्स, आरसा, सगळं ठणठणीत. हे पाहून मात्र ती चक्रावली. चूक झाली तर प्रोग्राम बंद पडतो, तक्रार करतो, निदान लाल अक्षरांत काहीतरी बोलतो. हा तर न वाचताच पाठ म्हणून दाखवत होता.

फाइल मुळात होती तशी लिहून, त्यात पाच मिनिटांची ओळ घालून, ती सुचेल तिथे त्या फाइलची प्रत ठेवत सुटली. प्रोग्रामच्या शेजारी ठेवली, प्रोग्रामच्या पोटातल्या फोल्डरमध्ये ठेवली, जुन्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवली. काही नाही. चौथ्यांदा तिने ती सगळ्यात वरच्या, मोठ्या फोल्डरमध्ये ठेवली आणि पान उघडलं. 'पाच मिनिटं आधी यावे.' साडेबारा वाजले होते. तिने बाकीच्या प्रती पुसून टाकल्या आणि खुर्चीत मागे रेलली.

"चाललं," ती म्हणाली.

"का चाललं?" शंकासुराने विचारलं.

"वरच्या फोल्डरमध्ये ठेवल्यावर चाललं."

"ते 'कसं चाललं' झालं. मी 'का' विचारतोय."

"चालल्यावर 'का' विचारायचं नसतं," सूनबाई म्हणाली आणि जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसच्या जिन्यातच होती, तेव्हा कोच बाईंचा फोन आला. कोच बाई पोहण्याच्या तलावावर शिकवायच्या. तलाव हा कंपनीचा सगळ्यात जुना ग्राहक; त्याची साइटही सूनबाईनेच बनवली होती, हुबेहूब तशीच, आणि दोन्ही साइट एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी नांदत होत्या.

"मॅडम, मला एक सांगा," कोच बाई म्हणाल्या, "पोहायला बूट कशाला लागतात?"

"नाही लागत."

"मलाही तसंच वाटायचं. पण माझ्यापुढे सोळा माणसं बूट घालून उभी आहेत. चष्मे लावलेत. एक आजोबा म्हणतात, शिकाऊ लायसन्स अजून काढलेलं नाही, आजच्या दिवस तसंच उतरू द्या."

"कशाचं लायसन्स?"

"तेच तर मी विचारतेय. ते म्हणतात, आता पोहायलाही लागतं वाटतं, तुमच्याकडूनच निरोप आला. आणि 'आरशात मागे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये' हे काय आहे? दोघी बायका पर्समधला आरसा घेऊन पाण्यात उतरल्या आहेत. वळताना एकमेकींना हात दाखवतायत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सूनबाई धावत टेबलापाशी गेली. तलावाच्या साइटवरचं 'उद्याची सूचना' हे पान उघडलं, तर तिथे सासऱ्यांची सूचना, पाच मिनिटांच्या ओळीसकट. तलावाची स्वतःची फाइल तर तलावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होती. ती कोणी वाचतच नव्हतं.

"मॅडम, आहात ना?" कोच बाईंचा आवाज येत होता. "पाच जण तर म्हणतायत, पाण्यात चालण्याचा नवा व्यायाम आहे का. त्यांना काय सांगू?"

"दोनच मिनिटं," सूनबाई म्हणाली. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून तिने तलावाच्या फाइलची प्रत उचलली आणि वरच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकली. काल तिथे ठेवल्यावर चाललं होतं, आज का चालू नये. संगणकाने विचारलं, 'या नावाची फाइल इथे आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची का?' संगणक असं काही विचारतो तेव्हा माणूस 'हो' म्हणतो. सूनबाई 'हो' म्हणाली. तलावाच्या पानावर टॉवेल, टोपी, सगळं परत आलं. कोच बाईंची तिने चार वेळा माफी मागितली.

"ड्रायव्हिंगचं पान बघितलंस का?" शंकासुराने विचारलं.

"त्याला मी हातसुद्धा लावला नाहीये."

शंकासुर काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्याने ते मनातच ठेवलं. दुपारी एक वाजला. संदेश गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सासरे मैदानाच्या कोपऱ्यात गाडी पुसत उभे होते. सगळ्यात आधी शिंपी आला. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता, केस ओले होते आणि चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, टोपी कापडीच मिळाली. चालेल ना?"

तीस वर्षांच्या नोकरीत सासऱ्यांनी 'मला माहीत नाही' हे वाक्य एकाही प्रवाशापुढे उच्चारलं नव्हतं. त्यांनी टोपीकडे पाहिलं. "चालेल," ते म्हणाले.

"सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. पोटात कावळे ओरडतायत."

"बरं केलंत," सासरे म्हणाले. का बरं केलं ते त्यांनाही कळेना.

मग नर्स आली. तिने कपाळावर पोहण्याचा चष्मा चढवला होता आणि हातातलं घड्याळ, कानातलं, सगळं घरी ठेवून आली होती. तिने आणि शिंप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांना धीर आला.

"गाडी पाण्यात पडली तर बाहेर कसं यायचं, ते शिकवणार असतील," नर्स हळूच म्हणाली.

"नवा नियम आला असणार," शिंपी म्हणाला. "परीक्षेलाही विचारतील."

सासऱ्यांनी हे ऐकलं. नियम आला असेल, पत्रही आलं असेल, आणि ते आपल्याला मिळालंच नसेल. वही होती तेव्हा पत्रं वहीत राहायची. आता ती कुठे जातात कोण जाणे. त्यांनी शिंप्याला गाडीत बसवलं. शिंप्याने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची, दाराजवळची मूठ गच्च धरली.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर," सासरे म्हणाले.

"पण भीती वाटली की कडेचा दांडा धरायचा ना?"

सासऱ्यांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला, शिंप्याचा मोबाइल मागून घेतला आणि चष्मा लावून वाचू लागले. वर त्यांच्याच स्कूलचं नाव होतं. खाली लिहिलं होतं: 'दोन तास आधी काही खाऊ नये. आंघोळ करून यावे. टॉवेल व टोपी आणावी. दागिने घरी ठेवावेत. भीती वाटल्यास कडेचा दांडा धरावा. हातपाय ताठ करू नयेत. प्रशिक्षक बुडू देणार नाहीत.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग सूनबाईला फोन लावला.

"सूनबाई, कडेचा दांडा म्हणजे कोणता?"

सूनबाई दात घासत होती. तिचा ब्रश थांबला. "बाबा, काय काय लिहिलंय?" सासऱ्यांनी वाचून दाखवलं. 'बुडू देणार नाहीत' या शब्दांशी येताच तिने बेसिनचा काठ धरला.

"बाबा, ती तलावाची सूचना आहे. ती तुमच्याकडे गेली. म्हणजे माझ्याकडून गेली. म्हणजे फाइल एकच आहे आणि वाचणारे दोघं आहेत, असं काहीतरी झालंय."

"तलाव कोणाचा?"

"कोच बाईंचा. बाबा, मी दुपारच्या आत नीट करते."

"असू दे," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. नवरा मागे उभा होता. त्याने सूनबाईकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, "मी यात नाही," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

इकडे मैदानावर बँकेतल्या बाई येऊन उभ्या होत्या. त्यांचा नववा आठवडा चालू होता. बँकेत त्या दिवसाला दोनशे माणसांना तोंड द्यायच्या, पण गाडीत बसल्या की त्यांचे खांदे कानाला लागायचे. दुसऱ्या गिअरच्या पुढे त्या कधी गेल्या नव्हत्या आणि मैदानाच्या फाटकाबाहेर तर नव्हत्याच. फाटक दिसलं की गाडी बंद पडायची. त्यांनी टॉवेल आणला नव्हता. त्या भरपूर खाऊन आल्या होत्या आणि रागात होत्या.

"मास्तर, मी स्पष्ट सांगते. मी पाण्यात उतरणार नाही."

"तुम्हाला कोण उतरवतंय?"

"तुमच्या निरोपात आहे. प्रशिक्षक बुडू देणार नाहीत. बुडण्याचा प्रश्नच येतो कुठे? मी गाडी शिकायला आले आहे."

"बाई, तो निरोप माझा नाही. त्या तलावाच्या बाईंचा आहे. त्यांचे निरोप माझ्या नावाने जातायत." हे बोलता बोलता सासऱ्यांनाच संताप आला. "चला, आत्ताच जाऊन विचारू."

"चला. मलाही विचारायचंच आहे," बाई म्हणाल्या.

दोघं तावातावाने गाडीत बसले. सासरे कित्येक वर्षांच्या सवयीने आपल्या जागेवर, डावीकडे बसले. बाई नऊ आठवड्यांच्या सवयीने त्यांच्या, म्हणजे स्टिअरिंगपुढे बसल्या. शिंपी आणि नर्स टॉवेल घेऊन मागे बसले, कारण त्यांना वाटलं की आता तलावावरच नेतायत. गाडी सुरू झाली.

"मी लहानपणी विहिरीत पडले होते," बाई सांगत होत्या. "तेव्हापासून मी पाण्याच्या जवळ जात नाही. घरच्यांनी किती समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी."

"उजवीकडे घ्या," सासरे म्हणाले. "अहो, पण न विचारता माझं नाव लावायचं म्हणजे काय? हॉर्न द्या. उद्या मी त्यांच्या नावाने निरोप पाठवले तर?"

"पाठवाच. मी साक्षीला येते." बाईंनी हॉर्न दिला, तिसरा गिअर टाकला आणि एका मालट्रकच्या बाजूने गाडी काढली. "आणि टोपी कशाला म्हणते मी? माझे केस आहेत, मी बघून घेईन."

मागे शिंपी आणि नर्स चिडीचूप होते. चौक गेला, पूल गेला, शाळेसमोरची गर्दी गेली. तलावाच्या फाटकापाशी जागा जेमतेम होती. बाईंनी आरशात पाहिलं, गाडी मागे घेतली आणि दोन गाड्यांच्या मधे नेमकी लावली. इंजिन बंद केलं. दार उघडायला हात लावला आणि तो तिथेच राहिला.

"मास्तर," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी कोणी चालवली?"

सासऱ्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. मग आपल्या पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं. वाटेत त्यांनी तो एकदाही दाबला नव्हता. त्यांनी मागे वळून शिंप्याकडे पाहिलं.

"बाईंनीच," शिंपी म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

तासाभराने ऑफिसात सूनबाई पहिल्यांदाच आपलाच प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचत होती. शेजारी शंकासुर उभा होता. उत्तर पाच ओळींत होतं. फाइलचं नाव 'सूचना' एवढंच तिने प्रोग्रामला सांगितलं होतं, पत्ता सांगितलाच नव्हता. पत्ता नसला की प्रोग्राम जिथून सुरू केला जातो तिथे शोधतो. पूर्वी प्रत्येक साइटचा प्रोग्राम त्याच्याच फोल्डरमधून सुरू व्हायचा, त्यामुळे घरचं घरात सापडायचं. गेल्या महिन्यात दोन्ही साइट नव्या सर्व्हरवर हलवल्या तेव्हा दोघांना वरच्या फोल्डरमधून एकदम सुरू करायची सोय तिनेच केली होती. तिथे फाइल नव्हती. तिथे पहिली फाइल ठेवली ती परवा, तिनेच. ती दोघांनी वाचली.

"पण मधला महिनाभर?" शंकासुर म्हणाला. "फाइल सापडत नव्हती, तर संदेश कशावरून जात होते?"

सूनबाईने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. फाइल मिळाली नाही तर कोणाला काही न सांगता, प्रोग्राममध्ये सुरुवातीला लिहून ठेवलेला जुना मजकूर वापरायचा, असं तिथे होतं. साइट बंद पडू नये म्हणून तिनेच तीन वर्षांपूर्वी केलेली आणि मग विसरून गेलेली व्यवस्था. घरातली सोशीक माणसं बोलत नाहीत आणि मग एके दिवशी सगळं एकदम बाहेर येतं, तसा तो प्रोग्राम महिनाभर गप्प राहून सांभाळून घेत होता.

तिने दोन्ही प्रोग्रामना आपापल्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला. वरची फाइल काढून टाकली. फाइल मिळाली नाही, रिकामी निघाली किंवा दुसऱ्याची निघाली तर प्रोग्रामने जागच्या जागी थांबायचं आणि तिला फोनवर कळवायचं, अशी तरतूद केली. शंकासुराने अकरा वेगवेगळ्या तऱ्हांनी ती मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही. पाऊण वाजता तो म्हणाला, "आता हे चुकूच शकत नाही." असं तो आजवर कोणाला म्हणाला नव्हता.

संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा सासरे जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. समोर वही होती. सूनबाईने पर्स खाली ठेवली आणि बोलून टाकलं, "बाबा, चूक माझीच होती."

"बस," सासरे म्हणाले. त्यांनी वहीचं पान उलटलं. "तू ते दुरुस्त केलंस?"

"हो. तुमची फाइल वेगळी, त्यांची वेगळी. आता कधीच चुकणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

सासऱ्यांनी वही थोडी बाजूला केली. मग त्यांनी सकाळची हकीकत सांगितली, चौकासकट, पुलासकट. बँकेतल्या बाई घरीही गाडी चालवतच गेल्या होत्या. कोच बाईंशी भांडायचं राहूनच गेलं होतं. शिंपी आणि नर्स मात्र टॉवेल आणलाच आहे म्हणून पोहून आले. सूनबाई तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

"नऊ आठवडे मी त्या बाईंना सांगत होतो, रस्त्याकडे लक्ष द्या, क्लचकडे लक्ष द्या," सासरे म्हणाले. "लक्ष दिल्यामुळेच येत नव्हतं." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. पानावर तीन नावं होती, तिन्हींपुढे 'दुसऱ्या गिअरवर अडकला' असं लिहिलेलं. "या तिघांपुरतं पुन्हा बिघडवता येईल का?"

"बाबा, दिवसभर बसून मी ते बिघडू नये असं केलंय."

"म्हणून तर तुला विचारतोय. तुझ्याशिवाय कोणाला जमणार." त्यांनी चष्मा लावला आणि मधल्या नावावर बोट टेकवलं. "यातल्या दोघांना तलावाचंच जाऊ दे. हा मात्र रोज तासभर पोहतो, त्याला त्याचा राग यायचा नाही. याच्यासाठी दुसरं काहीतरी शोध."